मोरिस्को नायकाची मिरास: वाटणी, बाप्तिस्मा आणि कागद

प्रश्न थोडक्यात असा: १६०९ सालचं व्हॅलेन्सिया, स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं. वरून ख्रिस्ती, घरात गुपचूप इस्लाम पाळणारं मोरिस्को कुटुंब (मोरिस्को म्हणजे बाप्तिस्मा घ्यायला लावलेले मुसलमान आणि त्यांचे वंशज). एकवीस वर्षांचा नायक. आजोबा १५७० मध्ये ग्रानाडाहून पळून आले, मागे जमीन राहिली, आणि तिचा अरबी दस्तऐवज मिळाला तर ती परत मिळेल या आशेवर नातू निघतो. मागावर इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून खटले चालवणारं धर्मन्यायालय. हे साहसकथा म्हणून उभं राहील का आणि तपशील कुठे फसतील?

उभं राहील. पण आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक पहिल्याच ओळीत आहे. ग्रानाडाचे मोरिस्को बंडानंतर, १५७० च्या नोव्हेंबरात, हलवले ते कॅस्टिलच्या राज्यात: कोर्दोबा, सेव्हिल, तोलेदो, आल्बासेते या बाजूला. अंदाजे ऐंशी हजार माणसं, हिवाळ्यात, पायी, सैन्याच्या पहाऱ्यात. वाटेत किती मेले ते कुणी नीट मोजलं नाही. व्हॅलेन्सियात त्यांना जाऊच द्यायचं नव्हतं, कारण तिथे आधीच मोरिस्कोंची दाट वस्ती आणि समोर समुद्र. म्हणून आजोबांना व्हॅलेन्सियात ठेवू नका, पास्त्रानात ठेवा. हे माद्रिदच्या पूर्वेचं छोटं गाव. ग्रानाडाचे रेशीम विणणारे मोरिस्को तिथे खरंच आणून वसवले होते आणि त्यांच्या मोहल्ल्याला ग्रानाडातल्या मोहल्ल्यावरून अल्बाइसिन हेच नाव पडलं. आजोबा तुतीची झाडं सोडून आले आणि विणकराच्या मागावर बसले, एवढ्याने त्यांचं अर्धं आयुष्य सांगून होतं.

या बदलाचा दुसरा फायदा मोठा आहे. ग्रानाडातून काढलेल्या मोरिस्कोंची गावोगाव नोंदणी होती. परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही आणि ग्रानाडाच्या राज्याकडे तर फिरकायचंही नाही, नाहीतर जबर शिक्षा. म्हणजे नायकाचा प्रवास हाच गुन्हा ठरतो, त्याच्यामागे वेगळा खलनायक लावायची गरज उरत नाही. पास्त्राना ते ग्रानाडा सरळ रेषेतच साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. लादलेलं खेचर दिवसाला तीसेक किलोमीटर जातं, म्हणजे घाटवळणं धरून दोन आठवडे सहज. त्याला खेचरांच्या तांड्यावरचा मालवाहक करा. मोरिस्कोंमध्ये हा धंदा फार होता. परवान्याची सबब त्यातून मिळते आणि गावागावांतल्या बातम्याही याच तांड्यांवरून फिरत.

आता जमिनीकडे येऊ, कारण कथेचा खरा गाडा तीच ओढणार आहे.

१४९१ च्या नोव्हेंबरात ग्रानाडाच्या शरणागतीचा तह झाला आणि २ जानेवारी १४९२ ला शहर ताब्यात गेलं. त्या तहात मुसलमानांचा धर्म, मशिदी, मालमत्ता आणि आपसातले खटले काझीपुढे चालवण्याचा हक्क मान्य केला होता. वारशाची वाटणी अर्थातच शरियतप्रमाणे. पहिले आर्चबिशप तालावेरा समजावून धर्मांतर करण्याच्या मताचे होते. १४९९ मध्ये तोलेदोचे आर्चबिशप सिस्नेरोस आले आणि सक्तीचा बाप्तिस्मा सुरू झाला. अल्बाइसिन उठला, मग आल्पुहारासचे डोंगर उठले, आणि बंड केलं म्हणून तह मोडला असं राजांनी ठरवून टाकलं. १५०२ मध्ये कॅस्टिलभर बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा असा हुकूम निघाला. व्हॅलेन्सियात आणि आरागॉनच्या राज्यात हीच पाळी १५२० नंतरच्या पाच-सहा वर्षांत आली.

कादंबरीकार इथे नेहमी घसरतो. 'मुसलमानांना इन्क्विझिशनने पकडलं' असं वाक्य लिहू नका. इन्क्विझिशनचा अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर. बाप्तिस्मा न झालेला मुसलमान त्यांच्या लेखी परधर्मी, पण पाखंडी नव्हे. पाणी डोक्यावर पडलं, मग ते जबरदस्तीने का असेना, की माणूस कायद्याने ख्रिस्ती झाला आणि त्याचं जुनं वागणं गुन्हा ठरलं. आपल्याकडे इन्क्विझिशन म्हटलं की गोवा आठवतो. तिथे १५६० पासून ते बसलं आणि हिंदू अनाथ मुलं, धर्मांतरित वारसांचे हक्क असे विषय तिथेही होते. पण गोव्याचं चित्र उचलून ग्रानाडावर चिकटवू नका. गोव्यात बाप्तिस्मा न झालेली मोठी प्रजा शेजारी राहात होती. १६०० च्या स्पेनमध्ये, गुलाम सोडले तर, कागदोपत्री एकही मुसलमान शिल्लक नव्हता, आणि कथेतली सगळी घुसमट त्यातून येते.

बाप्तिस्म्यानंतर वारशाचा कायदाही बदलला. हा भाग जवळून बघण्यासारखा आहे. समजा मोरिस्को बाप मेला, मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली आणि त्याची स्वतःची मिळकत २४०० दुकात. (दुकात म्हणजे ३७५ मारावेदी, रेआल ३४ चा. १६०० नंतर तांब्याचं नाणं हलकं होत गेलं, म्हणून पात्रांना चांदी मागू द्या.) शरियतप्रमाणे मुलं असताना बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे ३००. उरलेल्या २१०० चे सहा भाग: मुलाला दोन, मुलीला एक. मुलगे ७००-७००, मुली ३५०-३५०.

कॅस्टिलच्या कायद्यात, म्हणजे १५०५ च्या तोरोच्या कायद्यांनंतर, हिशेब वेगळा. बायको वारस म्हणून येत नाही. तिचा हुंडा आणि संसारात कमावलेल्यातला अर्धा भाग आधीच बाजूला निघतो. बापाच्या २४०० पैकी एक पंचमांश, ४८०, तो मर्जीने कुणालाही देऊ शकतो. उरले १९२०. त्यातला एक तृतीयांश, ६४०, एखाद्या आवडत्या अपत्याला 'वाढीव' म्हणून देता येतो. बाकी १२८० चौघांत सारखे, ३२० प्रत्येकी, मुलगा असो की मुलगी. बापाने पंचमांश आणि वाढीव दोन्ही थोरल्याला दिले तर थोरला १४४०, बाकीचे ३२०.

म्हणजे घरातली वाटणी ३५० आणि ७०० अशी झाली की ती बघूनच शेजाऱ्याला कळतं, हे कुटुंब मनाने कुठे आहे. कागदावर सारखी वाटणी करून रात्री बहिणींनी हिशेब भावांना परत करायचा, हा प्रसंग लिहा. आणि एक बहीण नाही म्हणते. तिला कायद्याने ३२० पक्के आहेत, भावाच्या धर्माने ३५०. फरक तीस दुकातांचा. पण थोरल्याला वाढीव दिलं असेल तर तिच्या धर्मात तो अन्याय आहे, कॅस्टिलच्या कायद्यात नाही. तिला कुठल्या दारात न्याय मागायचा हे ठरवावं लागेल, आणि ते दार तिच्या भावाला गोत्यात आणेल. इथे तलवार काढायची गरज पडत नाही.

त्या पंचमांशाची आणखी एक गंमत आहे. अंत्यविधीचा, मेणबत्त्यांचा आणि आत्म्यासाठी म्हणायच्या मिसांचा खर्च त्यातूनच निघायचा. मृत्युपत्राचा ठरलेला साचा होता: देवाच्या नावाने सुरुवात, त्रैक्यावर श्रद्धा, कुठल्या चर्चमध्ये पुरायचं, किती मिसा, मग देणी, मग वारस, शेवटी व्यवस्थापक. मरणाऱ्या आजोबांच्या उशाशी लेखनिक बसलाय आणि विचारतोय, 'किती मिसा लिहू?' आजोबा गप्प. वीस म्हटलं तर खोटं बोलून मरायचं, काहीच नाही म्हटलं तर लेखनिक उद्या कुठे बोलेल याचा नेम नाही. घरातला कोणीतरी पटकन 'तीस' म्हणतो. या व्यवस्थापकाला स्पॅनिशमध्ये 'अल्बासेआ' म्हणतात, तो शब्द अरबीतून आलेला, आपल्या 'वसियत'च्या मुळाचाच. असे शब्द सापडले की लेखनिकाच्या तोंडी टाका. त्याला पत्ता नसतो की तो अरबी बोलतोय.

भाषेचं आलंच आहे तर तेही सांगून टाकतो. मराठीत आपण इस्लामसाठी जे शब्द सहज वापरतो त्यातले बरेच फारसी आहेत आणि दख्खनेतून आले आहेत: नमाज, रोजा, खुदा, पीर, दर्गा. ग्रानाडाच्या माणसाने हे कधी ऐकले नव्हते. मोरिस्कोंच्या तोंडी नमाजाला 'असाला', धर्मशास्त्र जाणणाऱ्याला 'अल्फाकी'. निवेदनात 'प्रार्थना', 'उपास' चालेल, संवादात त्यांचा शब्द ठेवा. उलट 'मिरास' बिनधास्त वापरा. तो अरबी 'मीरास'च आहे, आजोबांनीही तोच वापरला असता. 'वतन' मात्र टाळा. वाचकाला पाटील-देशमुख दिसायला लागतात. 'मूर' या शब्दाने कातडीचा रंग डोळ्यांपुढे येऊ देऊ नका. कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या मुसलमानांनाही पोर्तुगीज 'मूर'च म्हणत. मोरिस्को दिसायला शेजाऱ्यासारखाच, म्हणून तर त्याला ओळखायला कागद, नाव, जेवण आणि शुक्रवार लागत.

आणि सगळ्यांच्या तोंडी अरबी घालू नका. व्हॅलेन्सियात आणि १५७० पर्यंतच्या ग्रानाडात ती बोलभाषा होती. कॅस्टिल-आरागॉनच्या मोरिस्कोंची बोली केव्हाच स्पॅनिश झाली होती, फक्त धर्माची पुस्तकं ते स्पॅनिश भाषेत पण अरबी लिपीत लिहीत. तुमच्या नायकाला आजोबांचा दस्तऐवज हातात आला तरी वाचता येणार नाही: अक्षरं कदाचित लागतील, अर्थ लागणार नाही. ही अडचण सोन्यासारखी आहे. दुभाषा हवा म्हणजे विश्वासाचा प्रश्न आला. ग्रानाडात अरबी दस्तऐवज कॅस्टिलीमध्ये, म्हणजे स्पॅनिशमध्ये, उतरवणारे अधिकृत लोक होते. आलोन्सो देल कास्तियो हा मोरिस्को वैद्य राजासाठीही भाषांतर करी आणि इन्क्विझिशनसाठीही. असा माणूस खलनायक करू नका, सहायकही करू नका. दोन्हीकडचं अन्न खाणारा राहू दे.

पुस्तकं लपवायची कशी, हेही ठाऊक आहे. १८८४ मध्ये आरागॉनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएरा या गावात जुनं घर पाडताना खोट्या जमिनीखाली हस्तलिखितांचा मोठा साठा मिळाला. कापडात गुंडाळलेली, दमटपणा शोषायला मिठाचे खडे ठेवलेले. चामड्याच्या पेटीत, झाडाखाली, चंद्रप्रकाशात पुरणं सोडून द्या. खोटी जमीन आणि मीठ.

आता तुमच्या दस्तऐवजाच्या मुद्द्यावर येऊ. तो मिळाला तरी जमीन मिळणार नाही. १५६७ च्या १ जानेवारीला ग्रानाडात जो हुकूम पुकारला त्यात अरबी भाषा, पोशाख, नावं, हमामखाने यांवर बंदी आली आणि अरबीत लिहिलेले करार निरर्थक ठरले. तीन वर्षांत कॅस्टिली शिका. शुक्रवारी दारं उघडी ठेवा. फ्रान्सिस्को नून्येस मुले या वृद्ध सरदाराने त्यावर जो अर्ज दिला तो जरूर अभ्यासा. पोशाख प्रांताचा असतो, धर्माचा नसतो. पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतात. आणि नावं गेली तर कुळं ओळखायची कशी, असे त्याचे मुद्दे. ऐकलं नाही. १५६८ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी बंड झालं, १५७१ च्या मार्चमध्ये शेवटचा पुढारी आबेन आबो मारला गेला, आणि बंडात नसलेल्यांचीही जमीन राजाने घेतली. ती उत्तरेकडून आणलेल्या ख्रिस्ती कुळांना वाटून दिली.

वाटण्याआधी मोजणी झाली, आणि तुमच्या कथेचा कळस मी तिथे ठेवेन. गावोगाव मोजणीची पुस्तकं तयार झाली. अमुक ओढ्यालगतचा तुकडा, इतकी तुतीची झाडं, पूर्वी अमक्या मोरिस्कोचा. पण नव्या माणसांना बांध कुठला, पाण्याची पाळी कुणाची हे माहीत नाही. म्हणून सीमा दाखवायला काही जाणकार मोरिस्कोंना मुद्दाम मागे ठेवलं. शेजाऱ्यांची शेतं लेखनिकाला एकेक करून दाखवणारा तो माणूस नायकाच्या आजोबांचा भाऊ असू दे. नातू जमिनीचा हक्क मागायला येतो आणि त्याला सापडतं ते सरकारी पुस्तक. त्यात आजोबांचं नाव शुद्ध, पूर्ण, बापाच्या नावासकट, आणि सांगणारा साक्षीदार घरचाच. हक्क नाही, पण नोंद आहे. अरबी दस्तऐवजापेक्षा हे जास्त खरं आहे आणि जास्त क्रूर.

छळाबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण इथे बहुतेक लेखक अतिरेक करतात. अटक झाली की पहिल्या दिवशी चाबूक-साखळ्या नसतात, यादी असते. अधिकारी आणि लेखनिक घरात येऊन रांजण, गाद्या, खेचरं, धान्य लिहून घेतात. कैद्याच्या जेवणाचा खर्च त्याच जप्त मालातून. खटला दोन वर्षं चालला की वारसा कैदी स्वतःच खाऊन संपवतो. आणि दोषी ठरला तर जप्ती अटकेच्या दिवसापासून नव्हे, पाखंड सुरू झाल्याच्या दिवसापासून. दहा वर्षांपूर्वी विकलेलं शेत घेणाऱ्याकडूनही काढून घेता येतं. त्यामुळे गावात मोरिस्कोकडून काही विकत घ्यायलाच लोक घाबरत. मेलेल्यावरही खटला चाले. वारसांना बोलावत, हाडं उकरून जाळत, मिळकत नातवांकडून जात असे. व्हॅलेन्सियात मात्र १५७१ नंतर मोरिस्को दरसाल ठरीव रक्कम भरत आणि बदल्यात जप्ती नसे. कथा तिथे ठेवली असती तर हा सगळा भाग चुकीचा ठरला असता.

दुसरी गोष्ट चौकशीची. पहिल्याच बैठकीत प्रश्न कुळाचा: आई, बाप, आजे, काका, मामा, कोणाला कधी शिक्षा झाली का. मग क्रूसाची खूण कर, प्रार्थना म्हणून दाखव. मग 'तुला का आणलं ते तुला ठाऊक आहे का?' तीन वेळा तेच, आरोप न सांगता. साक्षीदारांची नावं शेवटपर्यंत कळत नाहीत. बचाव एवढाच की माझे शत्रू कोण याची यादी द्यायची आणि त्यात साक्षीदार यावा अशी आशा करायची. नायक यादी करत बसलाय, एकेक नाव लिहितोय, आणि बहिणीचं नाव लिहायचं की नाही यावर हात थांबतो. छळाच्या खोलीतही लेखनिक असे आणि प्रत्येक उद्गार टिपून घेई. कबुली दिली तर चोवीस तासांनंतर पुन्हा मान्य करून घेत. जाळणं कमी, गलबतावरची वल्ही आणि शिक्षा म्हणून घालायचा पिवळा झगा जास्त. तो झगा नंतर गावच्या चर्चमध्ये नावासकट टांगत. जळालेल्याच्या मुला-नातवांना सरकारी जागा, रेशीम, घोडा, शस्त्रं यांची बंदी. हाही वारसाच, आणि तो कुणी नाकारू शकत नसे.

श्रद्धेचं चित्र रंगवताना नायकाला ठाम हुतात्मा करू नका. १५०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या एका मुफ्तीने स्पेनच्या मुसलमानांना उत्तर पाठवलं होतं: जबरदस्ती असेल तर खुणांनी प्रार्थना करा, दारू पाजली तर प्या, मनात मानू नका. शंभर वर्षं हेच पाळलं की मनातलं आणि बाहेरचं यांची शिवण कुठे आहे ते सांगता येत नाही. बाप्तिस्म्याहून आणलेल्या बाळाचं डोकं कोमट पाण्याने धुवायचं, सातव्या दिवशी दुसरं नाव ठेवायचं. डुकराची चरबी न घालता ऑलिव्हच्या तेलात शिजवायचं, म्हणजे वासावरून शेजारीण ओळखणार. नायकाला स्वतःचं दुसरं नाव परकं वाटतं, इतकंच दाखवा.

शेवटच्या भागासाठी तारखा नीट लावा. फिलिप तिसऱ्याने ९ एप्रिल १६०९ ला हद्दपारी ठरवली, व्हॅलेन्सियात २२ सप्टेंबरला पुकारली. तीन दिवसांत तयार व्हा, अंगावर पेलेल तेवढं घ्या, माल जाळला किंवा लपवला तर मृत्युदंड. ऊसाची घाणी, भाताची शेतं, पाटाचं पाणी बंद पडू नये म्हणून शंभरांत सहा घरं ठेवायची सवलत होती, त्या सहांत कोण ही वेगळी कथा आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला देनिया बंदरातून उत्तर आफ्रिकेतल्या ओरानकडे जहाजं निघाली. कॅस्टिलमध्ये १६१० उजाडलं. तिथून बुर्गोसवरून फ्रान्सकडे जाणाऱ्यांनी पैसा न्यायचा तर अर्धा राजाला द्यायचा. आंदालुसियात सात वर्षांखालच्या मुलांना मुस्लिम मुलखात न्यायला बंदी, म्हणून लोक मार्सेयकडे वळून जात. फ्रेंच कप्तानांनी कित्येकांना लुटलं, आणि आहमद इब्न कासिम अल-हजारी नावाचा मोरिस्को, जो १५९९ मध्ये मोरोक्कोला पळाला होता, तो लुटलेला माल परत मागायला सुलतानाच्या वतीने १६११ मध्ये फ्रान्सला गेला. त्याची फेरी तुमच्या दुसऱ्या खंडाचा पाया होऊ शकते. हद्दपारी १६१४ पर्यंत चालली, सुमारे तीन लाख माणसं गेली.

रमजान कुठे बसतो तेही बघा. १०१८ हिजरीचा रमजान १६०९ च्या नोव्हेंबर अखेरीस लागतो, १६१० चा त्याच्या अकरा दिवस आधी. तुमच्या कुटुंबाचा वाटेतला उपास दाखवायचा असेल तर प्रवास त्या मोसमातच असायला हवा, आणि तेव्हा हिवाळा लागलेला असतो. दिवस लहान, सूर्यास्त लवकर. पहारेकऱ्यासमोर संध्याकाळपर्यंत तोंडात काही न घालता चालणारी म्हातारी, आणि दर मैलावर तिला भाकरीचा तुकडा देऊ करणारा नातू. खाणं तिने पदरात साठवायचं. नाक्यावर झडती घेताना नाणी शोधणाऱ्या शिपायाच्या हाताला ते वाळलेले तुकडे लागतील.